सरासरीत बसलेला पूर

सप्टेंबर सरला की पेपरात दरवर्षी एक चौकट येते. जिल्ह्यात सरासरीच्या इतके टक्के पाऊस. आकडा शंभराच्या आसपास असला की नागपूर-पुण्याचे पाव्हणे फोन करून म्हणतात, "यंदा तुमचं बरं आहे, सरासरी गाठली." मी हो म्हणतो. फोनवर कुठं भांडत बसता? म्हणून ते भांडण इथं कागदावर काढतो.

एखाद्याला महिन्याभराच्या भाकरी एकाच बसणीत खायला घातल्या तर महिन्याची सरासरी बरोबर भरते. माणूस मात्र अंथरूण धरतो. आमच्या वावराचं, नाल्याचं आणि वर्धा नदीचं तेच झालं आहे. पाऊस वर्षाचा साधारण तेवढाच, हजार मिलिमीटरच्या अलीकडे-पलीकडे. पण त्याची येण्याची रीत बदलली. आणि आमचे नुकसानभरपाईचे नियम, रस्त्याखालच्या मोऱ्या, पूररेषा, सगळं जुन्या रितीवर बसवलेलं आहे. पाऊस बदलला, वही बदलली नाही. त्या दोन्हीच्या मधल्या फरकात माझं नदीकाठचं वावर आहे.

माझं गाव देवळी तालुक्यात, वर्धेच्या काठावर. मी दहावीपर्यंत शिकलो, पुढं बाबांनी तिफणीमागं उभं केलं. शास्त्र मला ऐकून-वाचून जेवढं समजतं तेवढंच. पण पन्नासेक पावसाळे मी वावरात काढले, आणि पावसाची साक्ष द्यायला तेवढी लायकी पुरे असं मी धरून चालतो.

आमच्या लहानपणी झड लागायची. शहरातल्या वाचकाला हा शब्द कदाचित नवा असेल. झड म्हणजे मुसळधार नव्हे. झड म्हणजे चार दिवस, सहा दिवस, कधी आठवडाभर सुईसारखा बारीक, मध्येच जरा मोठा, पण न तुटणारा पाऊस. सूर्य दिसत नसे. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन माणसं गोठ्यापर्यंत जात आणि परत येत. गोवऱ्या ओल्या, चूल पेटत नसे, माय फुंकून फुंकून बेजार. कवेलूंतून पाणी गळायचं, त्याखाली घरातली सगळी भांडी मांडून ठेवलेली. कोणाची तरी मातीची भिंत बसायची. मजुराच्या घरी त्या आठवड्यात काय शिजत असेल ते आम्ही वावरवाल्यांनी कधी विचारलं नाही. तेव्हा झड म्हणजे सुख होतं असं मी म्हणणार नाही. डवरे कोपऱ्यात पडून राहत आणि पऱ्हाटीत कमरेइतकं गवत माजे.

पण बाबा म्हणायचे, "झड म्हंजे जमिनीचं जेवन आहे. हळूहळू जेवली त अंगी लागते." आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिलं पाणी त्या भेगांतून सरळ खाली उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर ती पाणी घेते ते अगदी सावकाश, घोटाघोटानं. झडीचा वेग तिला मानवत होता. झड उघडली की पंधरा दिवसांत विहिरीला झरे फुटत. आता तोच पाऊस चार तासांत येतो. हिशेब सोपा आहे. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते चार लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. ते चाळीस टँकर पाच दिवसांत ओतले तर वावर पिऊन टाकतं. चार तासांत ओतले तर जमीन पीत नाही, ती वाहते. वावरातलं पाणी नाल्यात, नाल्यातलं नदीत, आणि नदीतलं माघारी माझ्याच दुसऱ्या वावरात.

हा माझ्या म्हातारपणाचा भास आहे असं कोणाला वाटेल, म्हणून शिकलेल्यांची साक्ष काढतो. पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथले बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या पावसाच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली सांगितलं की मध्य भारतात जोरदार पावसाचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे कमी झाले, आणि एकूण बेरीज जवळपास तशीच राहिली. म्हणजे झड गेली हे त्यांनी आकड्यात मांडलं, शब्द तेवढा वापरला नाही. पुढं २०१७ साली त्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी १९५० ते २०१५ चा हिशेब मांडला. मोठ्या टापूवर एकाच वेळी कोसळणारा अतिजोराचा पाऊस मध्य भारताच्या पट्ट्यात तिप्पट झाला. अरबी समुद्र तापतोय आणि तिकडून बाष्पाचे लोंढे मधूनमधून आत घुसतात, हे कारण त्यांनी दिलं. हवा एका अंशानं तापली तर ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. पखाल मोठी झाली की सांडतानाही जास्त सांडणार, एवढं मला दहावीत कळलं. आमचा विदर्भ त्या पट्ट्यात बरोबर मधोमध येतो.

यावर पारावरून पहिलं उत्तर येतं, "पूर काय आजचे हायेत काय गा?" हे म्हणणारे माझ्याहून वडील आहेत आणि ते खोटं बोलत नाहीत. याच वर्धा नदीनं ३० जुलै १९९१ ला वरच्या अंगाला, नरखेड तालुक्यातलं मोवाड धुऊन नेलं. दोनशेच्या वर माणसं गेली. आज कोणी हवामान बदलाचं नाव काढलं की लगेच त्याच्यापुढं मोवाड ठेवलं जातं. तेव्हा कुठं होता तुमचा हवामान बदल?

मी याला असं उत्तर देतो. आमच्या नदीकाठच्या महादेवाच्या देवळाला दगडी पायऱ्या आहेत. त्यांवर पुराच्या रेघा आहेत, छिन्नीनं कोरलेल्या. सर्वांत वरची आजोबांच्या काळातली. त्याखालची २०२२ ची, ती मी स्वतः कोरली. म्हणजे माझ्याच रेघेवरून मी हरतो, आजोबांचा पूर मोठा होता. पण रेघ पाणी किती चढलं ते सांगते, किती वेळात चढलं ते सांगत नाही. आजोबांच्या त्या पुराची गोष्ट मी बाबांकडून ऐकली आहे. आठ दिवसांची झड, आणि नदी दोन दिवस चढत होती. म्हातारे पाण्याच्या काठाला काडी रोवून ठेवत, तासा-दोन तासांनी पाहत, काडी बुडाली की पुढं दुसरी रोवत. तेवढ्या वेळात गुरं सोडली, बंडीवर दाणे लादले, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं. घरं पडली, माणूस एकही गेला नाही.

२०२२ च्या जुलैत काडी रोवायला सवड कोणाला होती? आठ-दहा दिवस पाऊस चालूच होता, पण झड म्हणावी असा नव्हता. तासभर कोसळायचा, दुपारी कडक ऊन, रात्री पुन्हा. जमीन पोट फुगून तट्ट झालेली. त्यावर एका रात्री जो फुटला तो सकाळीच थांबला. माझ्याकडे अंगणात प्लास्टिकचं पर्जन्यमापक आहे, कृषी केंद्रवाल्यानं दिवाळीला दिलेलं. सकाळी पाहिलं तर ते काठोकाठ भरून वाहून गेलेलं. म्हणून त्या रात्री किती पडला ते मलाही सांगता येत नाही. पहाटे तीनला शेजारच्या पोरानं दार वाजवलं, "काकाजी, पानी आलं! मोटर काढा!" मोटर काढायला पोचेपर्यंत मोटरीच्या खोलीचं फक्त छप्पर दिसत होतं. त्याच महिन्यात हिंगणघाटला वणा नदी वस्तीत शिरली, खाली चंद्रपूर-गडचिरोलीत तर पाहायलाच नको.

आता मोवाडचं. मोवाडनं आपल्याला शिकवायला पाहिजे होतं की एका रात्रीचा पाऊस काय करतो. जे तेव्हा पिढीतून एकदा आलं ते आता लवकर-लवकर येऊ शकतं, एवढंच शास्त्रज्ञ सांगताहेत. आधीही घरं जळत होती म्हणून आजच्या आगीला कोणी जुनी म्हणून बसत नाही. मोवाडच्या मेलेल्यांना असं काही न करण्याच्या कामाला जुंपू नये, एवढी विनंती आहे.

रेघेत न दिसणारी दुसरी गोष्ट माती. झडीचा पूर ओसरला की वावरावर बोटभर गाळ सोडून जाई. खरीप बुडाला तरी रब्बीचा हरभरा त्या गाळावर असा यायचा की कर्ज फिटे. आत्ताचा पूर धावत येतो आणि धावतच माती घेऊन जातो. माझ्या तीन एकरांतला खालचा तुकडा अर्धा फूट खरडला. तिथं आता रेती आणि गोटे आहेत. खरडून गेलेल्या जमिनीला सरकारी निकषात हेक्टरी ४७ हजार रुपये आहेत, तेही अल्पभूधारकाला. एक हेक्टरवर अर्धा फूट माती परत टाकायची तर पाचशेच्या वर ट्रॉल्या लागतात, ट्रॉली एक ब्रासची धरली तर. भागून पाहा, ट्रॉलीमागे नव्वद रुपयेही पडत नाहीत. माती, भरणावळ आणि डिझेल धरून. जो कोणी नव्वद रुपयांत काळी माती आणून टाकेल त्याचा मी फोटो देव्हाऱ्यात लावीन. आणि ती माती आणायची कोणाच्या वावरातून, हाही प्रश्न आहेच.

नियमांचा विषय निघालाच आहे तर अतिवृष्टीचंही सांगतो. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पडला तर ती अतिवृष्टी. मंडळ म्हणजे कितीतरी गावं, आणि पाऊस मोजायचं यंत्र एका जागी. ढग हल्ली एका गावावर फुटतो आणि शेजारच्या गावात धुरळा उडतो. यंत्र धुरळ्यात असलं की आमचं वावर कागदावर कोरडं. त्यावर कडी म्हणजे चोवीस तासांचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. पाऊस पहाटे सहाला सुरू होऊन अकराला थांबला, ऐंशी मिलिमीटर पडला, तर चाळीस कालच्या खात्यात आणि चाळीस आजच्या. दोन्ही दिवस अतिवृष्टी नाही. नाला मात्र साडेआठ वाजता थांबून घड्याळ पाहत नाही.

आणि आमच्या डोक्यावर एक थेंब पडायची गरज तरी कुठं आहे? नदी मुलताईजवळून, सातपुड्यातून येते. पाऊस तिकडं मध्य प्रदेशात आणि पाणी आमच्याकडे. एका साली असंच झालं, आणि कचेरीत मला सांगण्यात आलं, "काका, तुमच्या मंडळात ६५ भरला नाही." मी म्हटलं, साहेब, मी पावसात बुडालो नाही, पुरात बुडालो. पुराचं नुकसान निकषात बसतं, तेहतीस टक्क्यांच्या वर गेलं की पंचनामा व्हायला पाहिजे, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण यादी पावसाच्या आकड्यावरून निघाली होती. चार चकरा मारल्यावर नाव लागलं, तोवर रब्बीची पेरणीही आटोपली होती. विमा कंपनीचं वेगळंच. ७२ तासांच्या आत कळवा, असा तेव्हा नियम होता. तीन दिवस लाइट नाही, मोबाइल बंद, पांदणीत गुडघाभर चिखल. कळवायचं कोणाला, मोराला?

इथपर्यंत माझ्याशी सहमत असलेले काही लोक माना डोलावतील आणि म्हणतील, हवामान बदल आहे, निसर्ग कोपला, आपण काय करणार. या लोकांवर माझा राग पहिल्यांपेक्षा जास्त आहे. पहिले काही बदललं हेच मानत नाहीत, दुसरे मानतात आणि त्याचीच उशी करून झोपतात. समुद्र तापतोय तो मी आणि माझ्या बैलांनी तापवला नाही, तो थंड करणंही माझ्या हातात नाही. पण ढगातून पाणी पडल्यावर नदीपर्यंत ते किती घाईनं पोचेल हे बरंचसं माणसाच्या हातात आहे, आणि त्यात आम्ही सगळ्यांनी मिळून घाण केली आहे.

स्वतःपासून सुरुवात करतो. माझ्या वरच्या वावराला आडवे तीन धुरे होते, गवतानं भरलेले, बोरी-बाभळी असलेले. सोयाबीन आलं, ट्रॅक्टर आला, वळवायला जागा पाहिजे, म्हणून दोन धुरे मी फोडले. चार-सहा तासं जास्त निघाली, खूप शहाणपण केल्यासारखं वाटलं. उरलेल्या धुऱ्यावर तणनाशक मारलं. आता त्या वावरातून पाणी उताराला लागलं की कुठं अडखळत नाही. मी एकट्यानं केलं असतं तर नदीला कळलंही नसतं. गावच्या गावांनी केलं. मग नाल्यांचं खोलीकरण आलं. ज्या ठिकाणी पाणी अडवलं, मुरवलं, तिथं चांगलं झालं, विहिरींना पाणी आलं, ते नाकारत नाही. पण पुष्कळ ठिकाणी नाला नुसता खोल आणि सरळ केला. वळणं घेत, झाडाझुडपांत घुटमळत जाणाऱ्या पाण्याला सरळ गटार करून दिलं. मशीनवाल्याला घनमीटरप्रमाणे पैसे मिळाले, आणि पाणी नदीत पोचायला लागायचा तेवढा वेळ लागेनासा झाला. नदीतली रेती उपसली ती वेगळीच. काठ पायथ्याशी पोकळ झाले आणि पहिल्या लोंढ्यात ढासळले.

धरणांवर बोलायला लोक कचरतात. मी धरणविरोधी नाही, माझा गहू कालव्याच्या पाण्यावर होतो. वर सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा आणि आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा, अशी दोन धरणं या नदीवर झाली. लहान-मध्यम पूर त्यांनी खाल्ले हे खरं. पण त्यामुळं नदी दहा-दहा वर्षं शांत वाटते आणि माणूस धीट होतो. पात्राच्या काठाला वीटभट्टी येते, गोठा येतो, घर येतं. माझी मोटरीची खोली बाबांच्या वेळी जिथं होती तिथून मी पन्नास पावलं खाली नेली, पाइप वाचावा म्हणून. धरण रिकामं असलं तर पूर पोटात घेतं, भरलेलं असलं तर आलेलं पाणी पुढं सोडण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. झडीच्या काळात ते हळूहळू भरे, दरवाजे एक-एक फूट उघडता येत. एका रात्रीत येणाऱ्या पाण्याला तशी सवड नाही. मग ऑगस्टच्या आधी धरणात किती जागा मोकळी ठेवायची हा हिशेब नव्या पावसावर करायला नको का? पूररेषेचंही तसंच. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. छान आहे. पण पंचवीस वर्षं कोणती, मागची की पुढची? मागच्या नोंदींवर काढलेली रेषा पुढच्या पावसाला बांधून ठेवणार आहे का?

आणि हे फक्त आमचं रडगाणं नाही. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं होतं. त्याच मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरात जमिनी पुरानं खरवडल्या. आमच्या नदीचं पाणी तरी कुठं आमच्यापाशी थांबतं? ते चंद्रपूर जिल्ह्यात जातं, वैनगंगेला मिळून प्राणहिता होतं, पुढं गोदावरीत. आम्ही इथं धुरे फोडून जे पाणी घाईनं हाकललं ते राजुरा-बल्लारपूरच्या कोणाच्या तरी वावरात शिरतं. तो माणूस मला ओळखत नाही, नाहीतर चार शिव्या दिल्या असत्या.

माझा मुलगा म्हणतो, खालचा तुकडा विकून टाकू. त्याचं चुकतं असंही मला म्हणता येत नाही. गिऱ्हाईक रेतीसाठी घेणारं आहे, शेतीसाठी नाही. मागच्या उन्हाळ्यात आम्ही बापलेकांनी वरच्या वावरातला एक धुरा पुन्हा घातला. मुलगा आधी हसला, मग त्यानंच मोजणीची दोरी धरली. शेजाऱ्यानं विचारलं, "भाऊ, एवढी जागा काऊन वाया घालवता?" त्याच्या वावरातून पाणी माझ्या धुऱ्याला येऊन भिडतं, म्हणून त्यालाही एक घालायला सांगितलं. पाहू म्हणाला.

गावात येणाऱ्या रस्त्यावर नाल्याची मोरी आहे. २०२२ ला ती पाणी पेलू शकली नाही, रस्ताच बांधासारखा आडवा झाला, वरच्या अंगाची वावरं तळं झाली आणि मग रस्ता फोडून पाणी एकदम निघालं. तीन वर्षं वाहून गेलेल्या जागी मुरूम टाकून चाललं होतं. आता मोरी नवी होणार म्हणून गावात आनंद आहे. मोजणीला एक तरुण इंजिनियर आला होता, भला पोरगा. त्याला मी महादेवाच्या पायऱ्यांवरची रेघ दाखवली, माझी वही दाखवली, आणि विचारलं की ही मोरी कोणत्या सालच्या पावसावर काढली. तो म्हणाला, "काका, अंदाजपत्रक वरून येतं." वहीचे त्यानं मोबाइलवर फोटो घेतले.

गेल्या आठवड्यात सिमेंटचे पाइप आले. नाल्याच्या कडेला पडले आहेत. मी संध्याकाळी जाऊन टेप लावला. दोन पाइप, आधीच्याच मापाचे, तीन फुटाचे.